दारातला कुत्रा आणि आतला वाचक : अथीना प्रकल्पाची एक आठवण

आमच्यापैकी ज्यांचे पदव्युत्तर शिक्षण नव्वदच्या दशकात झाले त्यांना महाविद्यालयातील संगणक कक्षाची आठवण सांगायला नको. चपला बाहेर काढायच्या, वहीत नाव लिहायचे, संगणकावरचे कापडी झाकण घडी करून बाजूला ठेवायचे आणि मग भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा परवलीचा शब्द टाइप करायचा. तो सर्वांचा एकच असे, म्हणून तो कोणाचाच नसे. आमच्या एका सहाध्यायिनीने तेथे आपल्या प्रबंधिकेचे एक संपूर्ण प्रकरण दीड महिना खपून टंकित केले. एके सकाळी ते नव्हते. कोणी पुसले, मुद्दाम की चुकून, हे कळण्याचा मार्ग नव्हता, कारण यंत्राच्या लेखी तेथे बसणारा प्रत्येक जण एकच माणूस होता. महाविद्यालयाने उपाय केला तो असा : खोलीला दुसरे कुलूप लावले आणि वापराचे तास अर्ध्यावर आणले.

ही हकिकत सांगण्याचे कारण तक्रार नव्हे. पुष्कळ जणांनी वापरायचे यंत्र सुरक्षित कसे ठेवावे, या प्रश्नाला ‘दार लावून घ्यावे’ हे उत्तर सर्वांत आधी सुचते. दुसरी उत्तरेही आहेत, आणि ती शोधण्याचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनी वाचावा असा आहे. एक तर त्यात ओळख, सोंग आणि विश्वास हे आपलेच विषय आहेत. दुसरे म्हणजे या इतिहासातला सर्वांत वाचनीय दस्तऐवज चक्क एक नाट्यसंवाद आहे. हा इतिहास बहुतांशी एकाच विद्यापीठाच्या आवारात घडला : अमेरिकेतील केंब्रिज येथील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एम.आय.टी.

आरंभ १९६१ चा. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सी.टी.एस.एस. नावाची व्यवस्था चालवून दाखवली. एकाच प्रचंड संगणकाला अनेक टर्मिनले जोडायची आणि यंत्राने आपला वेळ सर्वांना घासाघासाने वाटून द्यायचा, अशी ही योजना. यंत्र सामायिक झाले, पण त्यातल्या फायली ज्याच्या त्याच्या होत्या. म्हणून प्रत्येकाला एक परवलीचा शब्द देण्यात आला. आज दिवसातून दहा वेळा आपण जो शब्द टाइप करतो त्याच्या वंशावळीचा एक मूळपुरुष येथे सापडतो.

या मूळपुरुषाच्या नशिबी आरंभापासूनच विटंबना होती. १९६२ च्या वसंतात ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेला संगणकाचा वेळ पुरेना. खाते-क्रमांक आणि फायलीचे नाव लिहिलेले छिद्रपत्र दिले की ती फाइल कागदावर छापून मिळे, एवढी सोय त्याने हेरली. शुक्रवारी रात्री त्याने परवलीच्या शब्दांची फाइलच छापायला टाकली आणि शनिवारी सकाळी ती उचलून नेली. पुढे अनेक वर्षांनी त्याने स्वतःच ही कबुली दिली. दुसरा प्रसंग त्याच दशकातला, आणि त्याला तर चोरही लागला नाही. दोन व्यवस्थापक एकाच वेळी एकच संपादक-प्रणाली वापरत होते. एक जण रोजची सूचना लिहीत होता, दुसरा परवलीच्या शब्दांची यादी सुधारत होता. दोघांच्या तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली आणि त्या दुपारी जो कोणी यंत्राशी बोलू लागला त्याच्यासमोर रोजच्या सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द टंकित होऊ लागले. कॉर्बातो यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात ही गोष्ट सांगितली. त्या भाषणाचा विषयच मुळी ‘कोलमडणाऱ्या व्यवस्था कशा बांधाव्यात’ असा होता. दोन्ही प्रसंगांचे तात्पर्य एकच : सर्वांची गुपिते एका जागी ठेवली की ती जागाच सर्वांत मोठे भगदाड बनते.

त्याच आवारात याच्या अगदी उलट विचारही नांदत होता. कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतील मंडळींनी साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आय.टी.एस. नावाची स्वतःची व्यवस्था बांधली आणि तीत परवलीचा शब्दच ठेवला नाही. कोणीही यावे, कोणाचीही फाइल पाहावी, सुधारावी. दूरच्या गावाहून नेटवर्कमार्गे येणाऱ्या अनोळखी पाहुण्यांनाही तेथे मज्जाव नसे. यंत्र कोणी मुद्दाम बंद पाडले तर? यावर त्यांचा तोडगा मोठा मार्मिक होता. यंत्र बंद पाडण्याची एक साधी आज्ञाच त्यांनी सर्वांसाठी उपलब्ध करून दिली. जे कोणालाही करता येते ते करण्यात पराक्रम उरत नाही. तेव्हा कुरापतखोराची हौस आपोआप विझते.

या परंपरेचे शेवटचे शिलेदार रिचर्ड स्टॉलमन. १९७७ च्या सुमारास शेजारच्या संगणकशास्त्र प्रयोगशाळेत परवलीचे शब्द सक्तीचे झाले, तेव्हा त्यांनी ते उलगडण्याची युक्ती शोधली आणि वापरणाऱ्यांना निरोप पाठवले : तुमचा शब्द अमुक आहे, त्याऐवजी नुसती रिकामी कळ दाबावी, टाइप करायला ती सोपी आणि ‘परवलीचे शब्द नसावेत’ या तत्त्वालाही धरून. सुमारे एकपंचमांश लोकांनी हा सल्ला मानला म्हणतात. आज हे वाचताना हसू येते, पण या विरोधात एक गंभीर प्रश्न होता. कुलूप आले की किल्ल्यांचा जुडगा आला, जुडगा आला की तो सांभाळणारा आला. आणि ज्याच्या हाती जुडगा तो मालक. ज्ञानाच्या सामायिक घरात मालक कोणी का असावा? हा प्रश्न स्टॉलमन यांच्या विजयाने सुटला नाही आणि त्यांच्या पराभवाने मिटलाही नाही. आपण त्याकडे शेवटी परत येऊ.

१९८३ च्या मे महिन्यात एम.आय.टी.ने एक मोठा संकल्प सोडला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन आणि आय.बी.एम. या दोन कंपन्यांच्या साहाय्याने, केवळ संगणकशास्त्राच्या नव्हे तर सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांच्या हाती संगणक द्यायचा. प्रकल्पाचे नाव ‘अथीना’, ग्रीकांची विद्येची देवता. मुदत पाच वर्षांची होती, ती पुढे तीन वर्षांनी वाढली आणि १९९१ मध्ये प्रकल्प औपचारिकरीत्या संपला. एका महायंत्राऐवजी आवारभर पसरलेली शेकडो छोटी यंत्रे, ती एकमेकांस जोडणारे नेटवर्क, आणि विद्यार्थी कोणत्याही यंत्रापुढे बसला तरी त्याच्या फायली, त्याची पत्रे त्याला तेथेच मिळाली पाहिजेत, अशी कल्पना होती.

कल्पना रम्य होती, पण तिने जुनी सुरक्षा मोडीत काढली. महायंत्र कुलूपबंद खोलीत असे; विद्यार्थ्याच्या हाती फक्त टर्मिनल. आता संपूर्ण संगणकच विद्यार्थ्याच्या हाती, रात्री दोन वाजता, देखरेखीविना. तो त्यातली प्रणाली बदलू शकतो, यंत्राला खोटे बोलायला शिकवू शकतो. आणि त्या काळच्या प्रचलित युनिक्स पद्धतीत तर एक यंत्र दुसऱ्या यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवी : ‘माझ्यापुढे अमका बसला आहे’ असे शेजारच्या यंत्राने सांगितले की मुख्य यंत्राने ते मानायचे. शेजारी कायम सज्जन असेल, हे गृहीत धरलेले.

अथीनाच्या रचनाकारांनी येथे जो निर्णय घेतला तो आमच्या मते या इतिहासातला सर्वांत धाडसी विचार आहे. त्यांनी सार्वजनिक यंत्राचे रक्षण करण्याचा हट्टच सोडला. यंत्र अविश्वसनीय आहे हेच मूलतत्त्व धरले. त्या यंत्रांचा सर्वाधिकाराचा परवलीचा शब्द, जो अन्यत्र प्राणापलीकडे जपतात, तो येथे गुप्त नव्हताच. कोणाही वापरकर्त्याला तो विचारून मिळे. चोरण्याजोगे काही त्या यंत्रावर ठेवायचेच नाही. फायली दूरच्या सर्व्हरवर, प्रणाली नेटवर्कवरून घेतलेली, आणि एक माणूस उठला की यंत्र झाडून पुसून पुढच्यासाठी तयार. धर्मशाळेच्या खोलीला तिजोरी नसते; म्हणून तिचे दार सताड उघडे ठेवता येते.

मग रक्षण कशाचे करायचे? ओळखीचे. ‘मी अमका’ हे यंत्राने नव्हे, माणसाने सिद्ध करायचे. आणि तेही आपले गुपित नेटवर्कवर न उच्चारता, कारण तारांवरून जाणारे बोलणे कोणीही ऐकू शकतो. यासाठी जी व्यवस्था घडली तिचे नाव ‘केर्बेरॉस’. स्टीव्ह मिलर आणि क्लिफर्ड न्यूमन हे तिच्या चौथ्या आवृत्तीचे प्रमुख रचनाकार. जेरोम सॉल्टझर आणि जेफ्री शिलर यांचाही हात होता. पाया होता रॉजर नीडम आणि मायकेल श्रोडर यांच्या १९७८ च्या निबंधाचा.

तिची रीत थोडक्यात अशी. विद्यार्थी यंत्राला फक्त आपले नाव सांगतो. यंत्र ते नाव मध्यवर्ती ओळख-सर्व्हरला कळवते. सर्व्हर उलट काही विचारत नाही; तो एक तिकीट पाठवतो, पण त्या विद्यार्थ्याच्या परवलीच्या शब्दापासून घडवलेल्या किल्लीने बंद केलेल्या पेटीत. शब्द माहीत असेल त्यालाच पेटी उघडेल. शब्द तारेवरून कधी गेलाच नाही. या तिकिटाच्या बळावर मग छपाई, पत्रे, फायली अशा प्रत्येक सेवेसाठी वेगळे तिकीट मिळते. शब्द मात्र पुन्हा टाइप करावा लागत नाही. मूळ तिकिटाची मुदत साधारण आठ तासांची. ग्रंथालयातल्या पुस्तकावर परतीच्या तारखेचा शिक्का असतो, तसाच हा शिक्का. कोणी तिकीट चोरले तरी ते लवकरच शिळे होते. म्हणून सर्व यंत्रांची घड्याळे जुळलेली असावी लागतात. चार-पाच मिनिटांहून अधिक चुकलेले घड्याळ असेल तर खऱ्या माणसालाही दार उघडत नाही.

हे सारे रुक्ष वाटत असेल तर १९८८ मध्ये बिल ब्रायंट यांनी लिहिलेला चार प्रवेशांचा संवाद जरूर पाहावा. पात्रे दोनच : अथीना आणि युरिपिडीस. दोघे संगणक-कर्मचारी. अथीना उत्साहाने रचना मांडते, युरिपिडीस तिच्यात भोक पाडतो. ती रात्रभर विचार करून सकाळी नवी रचना आणते, तो पुन्हा खवचटपणे नवे भोक दाखवतो. शब्द तारेवरून जातो, तो कोणी ऐकेल. तिकीट दिले, ते कोणी पळवेल. मुदत घातली, पण मुदतीच्या आत? आणि सेवा देणारा सर्व्हरच तोतया निघाला तर? संवादाच्या अखेरीस जी रचना उरते ती म्हणजे केर्बेरॉस. कोणत्याही पाठ्यपुस्तकाने ही व्यवस्था ‘आहे अशी’ सांगितली असती. संवादाने ती ‘का अशी’ हे दाखवले. प्रश्नोत्तरातून सत्य पाझरू देण्याची ही रीत आपल्याला प्लेटोपासून आणि उपनिषदांपासून परिचित आहे. तांत्रिक लेखनाने तिचा आश्रय घ्यावा आणि ती इतकी फलदायी ठरावी, हे साहित्यशिक्षकांनी वर्गात सांगण्यासारखे आहे.

संवादात या व्यवस्थेला ‘कॅरॉन’ म्हटले आहे, म्हणजे मृतांना नदीपार नेणारा नावाडी. आणि युरिपिडीस लगेच टोकतो की त्या नावाड्याला तुमच्या ओळखीशी कर्तव्य नसते, तुम्ही मेलेले असलात की झाले. हा विनोद वाचताना ॲरिस्टोफेनिसचे ‘बेडूक’ आठवल्यावाचून राहत नाही. ख्रिस्तपूर्व ४०५ मधल्या त्या प्रहसनात डायोनिसस देव युरिपिडीसलाच परत आणण्यासाठी पाताळात जातो, तो हेराक्लीसचे सोंग घेऊन. कॅरॉन त्याला पार नेतो. पण पाताळाच्या दारावर सोंगच अंगाशी येते; दारवान खवळतो, कारण पूर्वी हेराक्लीसने तेथला कुत्रा पळवलेला असतो. मग देव आणि दास कपड्यांची अदलाबदल करीत राहतात, आणि खरा देव कोणता हे ठरवण्यासाठी दोघांना फटके मारून पाहिले जाते. पळवलेला तो कुत्रा केर्बेरॉस. ओळख पटवण्याचा प्रश्न किती जुना आहे आणि त्याची जुनी उत्तरे किती वेदनादायक होती, याचा याहून चांगला दाखला आम्हांला ठाऊक नाही.

अथीनाच्या सेवांची नावेही एक लहानसे पुराणच आहे. नावे-पत्ते सांगणारी सेवा ‘हेसिअड’, व्यवस्थापनाची सेवा ‘मोइरा’ म्हणजे नियती, निरोप पोचवणारी ‘झेफिर’ म्हणजे पश्चिमेचा वारा. गंमत अशी की ज्या हेसिअडने केर्बेरॉसचे वर्णन केले त्याच्या काव्यात या कुत्र्याला पन्नास तोंडे आहेत. तीन तोंडांचे रूप पुढे रूढ झाले. शिवाय हेसिअडचा कुत्रा येणाऱ्यांपुढे शेपटी हलवतो आणि बाहेर पडू पाहणाऱ्यांना खातो. आपल्याकडे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या वाटेवर सरमेचे दोन पुत्र उभे आहेत, चार डोळ्यांचे, शबल. आणि मृताने त्यांना ओलांडून पुढे जावे अशी प्रार्थना आहे. दारातला कुत्रा हा रक्षक की बंदिवान करणारा, ही संदिग्धता दोन्ही परंपरांनी राखून ठेवली आहे.

नव्या व्यवस्थेची निकड लवकरच जगाला पटली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ इंटरनेटभर पसरला. आपला माग लागू नये म्हणून त्याने तो सोडला होता एम.आय.टी.च्याच एका यंत्रावरून. त्याच्या शस्त्रांत सोपे परवलीचे शब्द ओळखणे होते, आणि एका यंत्राने दुसऱ्यावर आंधळा विश्वास टाकण्याची ती जुनी रीतही होती. शेजारधर्मावर उभ्या असलेल्या सुरक्षेचा तो जाहीर पंचनामा ठरला.

केर्बेरॉसही निर्दोष नव्हता. स्टीव्हन बेलोविन आणि मायकेल मेरिट यांनी १९९० च्या सुमारास त्याच्या मर्यादा सविस्तर मांडल्या. दुबळा परवलीचा शब्द घरी बसून तर्काने शोधता येतो, ही त्यांतली एक. १९९७ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातील अभ्यासकांनी दाखवले की चौथ्या आवृत्तीतल्या ‘यदृच्छेने’ घडवलेल्या किल्ल्या मुळीच यदृच्छ नव्हत्या. त्या पटकन ओळखता येत. जी आज्ञावली सर्वांना वाचण्यास खुली होती तीत हा दोष वर्षानुवर्षे उघड्यावर पडून राहिला. ‘कोणीतरी वाचले असेलच’ हा समज पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यांना अनोळखी नसावा. दरम्यान १९९३ मध्ये पाचवी आवृत्ती प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली होती.

प्रसाराची कथाही पुराणाला साजेशी. गुप्तलेखनाची साधने परदेशी पाठवण्यास अमेरिकेत बंदी होती. म्हणून चौथ्या आवृत्तीतून गुप्तलेखनाचा सारा भाग कापून उरलेला सांगाडा बाहेर जाऊ दिला, त्याचे नाव ‘बोन्स’, म्हणजे हाडे. ऑस्ट्रेलियात एरिक यंग यांनी त्या हाडांवर पुन्हा मांस चढवले. स्वीडनमध्ये याच परंपरेतून जी नवी रचना आली तिला नाव मिळाले ‘हाइमडाल’, नॉर्स देवांच्या पुलावरचा पहारेकरी. विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टने केर्बेरॉसचा अंगीकार केला. म्हणजे आपल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विंडोजचे डोमेन असेल, तर तेथे नाव टाकणारा विद्यार्थी नकळत याच कुत्र्यासमोरून आत जातो.

आता मघाच्या प्रश्नाकडे. भारतात सार्वजनिक संगणकाच्या सुरक्षेचा विचार बहुधा दुसऱ्या दिशेने झाला. २०११ साली केंद्र सरकारने सायबर कॅफेंसाठी नियम काढले. येणाऱ्याचे ओळखपत्र पाहावे, नोंदवही किमान एक वर्ष जपावी, कप्प्यांच्या भिंती साडेचार फुटांहून उंच नसाव्यात, असे त्यांत होते. महाविद्यालयांतील वह्या आणि कॅमेरे याच वळणाचे. येथे संशय माणसावर आहे. म्हणून माणसाकडे पाहत राहायचे. अथीनाने संशय यंत्रावर घेतला, आणि त्यामुळे माणसाला रात्री दोन वाजता एकटे सोडता आले. हा फरक तांत्रिक नाही. तो विद्यार्थ्याविषयीच्या कल्पनेतला फरक आहे.

तरीही स्टॉलमन यांची शंका पुसली जात नाही. केर्बेरॉसच्या रचनेत सर्वांच्या किल्ल्या एका मध्यवर्ती सर्व्हरजवळ असतात. कोणी, केव्हा, कोणत्या सेवेचे तिकीट मागितले हे त्याला कळते. सी.टी.एस.एस.च्या त्या फायलीसारखे भगदाड येथेही एका जागी आहे. फरक इतकाच की ती जागा आता बंद खोलीत आहे आणि तिचे दुखणे रचनाकारांना ठाऊक आहे. विश्वास नाहीसा करता येत नाही, त्याची जागा तेवढी बदलता येते. ती जागा कोणाच्या हाती आहे आणि त्याला जाब कोण विचारतो, हा प्रश्न गणिताने सुटणारा नव्हे.

ग्रंथालयात बसून एखादा विद्यार्थी काय वाचतो, कोणते वाक्य तीनदा वाचतो, कोणते पान घाईने उलटतो, हे आजवर कोणास ठाऊक नव्हते. आणि त्या अज्ञातपणातच पुष्कळांचे वाचक म्हणून घडणे झाले. आता वाचन पडद्यावर आले आहे आणि पडदा सामायिक यंत्राचा आहे. आमच्या त्या सहाध्यायिनीचे प्रकरण वाचवायला ओळख पटवणारे दार हवे होते. तिचे वाचन वाचवायला, दारानंतर मान फिरवून उभा राहणारा रक्षक हवा. तिने पुढे ते प्रकरण पुन्हा लिहिले, हाताने, घरी, रेघांच्या कागदावर. पहिल्यापेक्षा ते बरे झाले असे ती म्हणत असे. आम्ही पहिले वाचलेच नव्हते, तेव्हा तिच्या शब्दावर विश्वास ठेवला.